तीनदा बांधलेला कम्पायलर

कम्पायलर बांधायला आधी कम्पायलर लागतो. पहिल्यांदा ऐकताना हे कोडं वाटतं; घरी दही लावणाऱ्याला वाटणार नाही. विरजण नसेल तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही. जीसीसी हा कम्पायलर सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे, आणि त्या भाषेतला मजकूर यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरवणं हेच तर कम्पायलरचं काम. तेव्हा नवा जीसीसी उभा करायचा तर जुना कुठला तरी हाताशी असावाच लागतो.

जुना होता तो डिचोलीला, भाच्याच्या डेस्कटॉपवर. भाचा इंजिनिअरिंगला आहे. गोव्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आल्यापासून शेजारची मराठी शाळेतली मुलं त्याच्याकडे शंका घेऊन येतात. त्यांच्यासाठी त्याने सी भाषेत छोटे छोटे प्रोग्राम लिहिले आणि चलांची नावं मुद्दाम देवनागरीत ठेवली: बेरीज, सरासरी, गुण. माझ्या पेडण्याच्या लॅपटॉपवर ते बिनतक्रार चालले. त्याच्या डेस्कटॉपवर मात्र २०१८ सालचं उबुंटू होतं आणि त्यासोबत आलेला जीसीसी सातव्या आवृत्तीचा. त्याने एका ‘बेरीज’वर चुकांच्या पंधरा ओळी दाखवल्या. ‘स्ट्रे ३४० इन प्रोग्राम’, मग २४४, मग २५४, पुन्हा ३४०.

त्या पंधरा ओळी आम्ही बसून वाचल्या. ‘बेरीज’मध्ये संगणकाच्या हिशोबी पाच चिन्हं: ब, एकाराची मात्रा, र, दीर्घ ईकाराची वेलांटी, ज. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यातला पहिला सगळ्यांचा एकच, अष्टमान पद्धतीत ३४०. ब म्हणजे ३४०, २४४, २५४. जुन्या कम्पायलरला यातला एकही बाइट नावात खपत नव्हता, म्हणून पाच त्रिक पंधरा. जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, अशी नावं थेट लिहिता येतात.

उबुंटू बदललं असतं तर नवा कम्पायलर आयता आला असता. पण त्या मशिनवर कॉलेजच्या प्रोजेक्टचं बरंच सामान जुन्या उबुंटूला धरून बसवलेलं होतं. शिवाय मला हेच हवं होतं की त्याने एकदा कम्पायलर सोर्सपासून, म्हणजे मूळ लिखित मजकुरापासून, उभा करावा. संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं ठाम मत आहे. कम्पायलर हा विषय अभ्यासक्रमात असतोच. आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या पुस्तकांवर आपल्याकडच्या किती तरी पिढ्या तो शिकल्या. पण वहीत पार्सिंगची कोष्टकं भरणं वेगळं आणि एक कोटीहून जास्त ओळींचा चालता कम्पायलर आपल्या टेबलावर आकार घेताना बघणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला फी लागत नाही, परवानगी लागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला तोच मुळी या अटीवर की सोर्स कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावा. पेडणे-डिचोलीतल्या मुलाला मिळतो तो सोर्स आणि कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला मिळतो तो सोर्स यांत एका बाइटचाही फरक नसतो.

आम्ही तेरावी आवृत्ती घेतली. दाबून बांधलेली फाइल शंभर एमबीच्या आतली. सोडवली की जीबीच्या घरात जाते. उतरवल्यावर आधी तिच्यासोबतची डिजिटल सही ताडून पाहिली. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात, आणि ते टाळू नये.

मग जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी. सोर्समध्येच एक स्क्रिप्ट असते, ती चालवली की तिन्ही योग्य जागी येऊन बसतात. कम्पायलरला गणित कशाला लागतं, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. प्रोग्राममध्ये ०.१ अधिक ०.२ असं लिहिलेलं असेल तर चांगला कम्पायलर ती बेरीज स्वतःच करून उत्तर लिहून टाकतो, प्रोग्राम चालताना ती करावी लागू नये म्हणून. पण कम्पायलर चालतो एका यंत्रावर आणि प्रोग्राम कदाचित चालायचा असतो वेगळ्याच चिपवर. उत्तर त्या दुसऱ्या चिपने दिलं असतं तेच, शेवटच्या बिटापर्यंत, आलं पाहिजे. म्हणून कम्पायलर आपल्या यंत्राच्या दशांश गणितावर विसंबत नाही; साधी बेरीज स्वतःच्या सॉफ्टवेअर गणिताने करतो आणि वर्गमूळासारखी अवघड गणितं एमपीएफआरकडून करून घेतो.

यानंतर कॉन्फिगर. सोर्सच्या बाहेर एक रिकामी डिरेक्टरी करायची, तिच्यात उभं राहून ही स्क्रिप्ट चालवायची. कुठे बसवायचा, कोणत्या भाषा हव्यात, ३२ बिटांचा जोडसंच हवा की नको, हे इथेच सांगायचं. तो जोडसंच आम्ही नाकारला. बहुतेक ६४ बिटांच्या मशिनवर ३२ बिटांच्या हेडर फाइल नसतात आणि मग काम अडतं. पडद्यावर प्रश्नोत्तरं वाहू लागतात: अमुक फंक्शन आहे का, येस, तमुक हेडर आहे का, नो. अशा प्रत्येक प्रश्नामागे कॉन्फिगर खरोखर एक चिमुकला प्रोग्राम लिहून, कम्पाइल करून बघते. जगात किती तऱ्हेची युनिक्स यंत्रं होऊन गेली याचा तो चालता-बोलता इतिहासच आहे. मी तो नेहमी थांबून वाचतो.

आणि मग ‘मेक’. हा एक शब्द टाइप केला की पुढचं सगळं आपोआप, असं पुस्तकात असतं. चार जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर तसं होत नाही. चार कामं एकाच वेळी लावली होती. काही वेळाने पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द आला आणि सगळं थांबलं. कम्पायलरमध्ये चूक नव्हती, सोर्समध्येही नव्हती. मेमरी संपली की लिनक्सचा गाभा सर्वांत जास्त खाणारी प्रक्रिया मारून टाकतो, तसं त्याने केलं होतं. एका वेळी एकच काम लावलं, डिस्कवर स्वॅपसाठी जागा वाढवली आणि ‘मेक’ पुन्हा दिला. तो आधी झालेलं सोडून पुढे सरकला.

मारली गेलेली प्रक्रिया ‘जिंपल-मॅच’ नावाच्या फाइलवर काम करत होती. ही फाइल उतरवलेल्या सोर्समध्ये शोधली तर सापडत नाही. ती बांधकाम चालू असताना जन्माला येते. ‘मॅच डॉट पीडी’ या फाइलमध्ये बीजगणिताचे नियम सुटसुटीत लिहिलेले असतात. ‘जेनमॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम आधी बांधला जातो, तो ते नियम वाचतो आणि त्यांतून लाखाहून जास्त ओळींचा सी प्लस प्लस कोड लिहून देतो. तो अजस्र कोड कम्पाइल करताना आमची मेमरी संपली होती. (चौदाव्या आवृत्तीपासून ही फाइल तुकडे पाडून तयार होते, त्यामुळे लहान मशिनवरचा ताण आता हलका झाला आहे.) भाच्याने जेनमॅचचा सोर्स उघडला. वरच्याच ओळींत दोन नावं आहेत: रिचर्ड बिनर आणि प्रथमेश कुलकर्णी. हे काम २०१४ चं. जगात कुठेही, कोणीही जीसीसी बांधला की तो प्रोग्राम एकदा तरी चालतोच. भाचा त्या नावापाशी बराच वेळ थांबला, आणि मलाही घाई करावीशी वाटली नाही.

कोड लिहिणारा कोड ही जीसीसीची खरी मेख आहे. इंटेलच्या चिपला कोणत्या आज्ञा कळतात याचं वर्णन एका वेगळ्या भाषेत असतं. बांधताना ‘जेन’ने सुरू होणारे डझनावारी छोटे प्रोग्राम ते वर्णन वाचून कम्पायलरचा मागचा अर्धा भाग रचतात. वर्णन बदला, दुसऱ्या चिपचा कम्पायलर तयार. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी उभ्या केलेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने ही गोष्ट देशभरच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगितली. २०११ च्या आसपास त्यांच्या कार्यशाळा होत. त्यांत कॉन्फिगर करणं आणि बांधणं हा स्वतंत्र धडा असे, आणि एका साध्या चिपचं वर्णन टप्प्याटप्प्याने लिहून नवा कम्पायलर कसा उगवतो ते दाखवलं जाई. त्या व्याख्यानांच्या स्लाइड सर्वांसाठी खुल्या ठेवल्या गेल्या. जीसीसीसारख्या अवाढव्य गोष्टीत शिरायला इतकी नीट वाट दुसरी मी पाहिलेली नाही.

आमचं बांधकाम चाललं ती आषाढातली रात्र होती. पेडण्याहून म्हापसा, अस्नोडा करत मी संध्याकाळीच डिचोलीला पोचलो होतो. पाऊस असा की अंगणात दिवा लावला तरी समोरचा माड दिसू नये. पहिला टप्पा संपून दुसरा सुरू झाला होता आणि पंखा थांबला.

“मामा, लायट गेली. आता परत पहिल्यापासून?”

पहिल्यापासून नाही. ‘मेक’ फाइलींच्या वेळा बघतो. ज्या सोर्सपेक्षा त्याची ऑब्जेक्ट फाइल (कम्पाइल होऊन निघालेला तुकडा) नवी, ते काम झालं असं मानून पुढे जातो. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हे साधन लिहिलं, कारण एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती: चूक आधीच सुधारलेली, फक्त ती फाइल पुन्हा कम्पाइल व्हायची राहिलेली. पण वीज अचानक गेली तर याच युक्तीला भोक पडतं. डिस्कवर फाइलीचं नाव आणि वेळ पोचलेली असते, आतला मजकूर पोचलेला नसतो. शून्य बाइटांची, पण ताज्या वेळेची ऑब्जेक्ट फाइल बघून ‘मेक’ म्हणतो, झालं आहे. पुढे कुठे तरी सगळं जोडताना लिंकर अडतो आणि चूक दाखवणारा संदेश मूळ जागेपासून फार लांब उमटतो. म्हणून वीज आल्यावर आम्ही आधी शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधल्या, सापडल्या त्या पुसल्या आणि मगच ‘मेक’ दिला. पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय काम करणाऱ्या कोणीही ही सवय लावून घ्यावी.

आता टप्प्यांबद्दल. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. पहिल्या टप्प्यात यंत्रावर असलेला जुना कम्पायलर, इथे सातव्या आवृत्तीचा, नव्या सोर्सपासून नवा कम्पायलर करतो. हा चालतो, पण जुन्याच्या हातचा असतो. शिवाय तो मुद्दामच वेगवान न करता, आत जागोजागी तपासण्या ठेवून बांधलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात या मंद, सावध कम्पायलरला तोच सोर्स पुन्हा दिला जातो. म्हणूनच दुसरा टप्पा सर्वांत रेंगाळतो, आणि नवखा माणूस इथे काही तरी बिघडलं असं समजून थांबवतो. तिसऱ्या टप्प्यात दुसऱ्यात तयार झालेला कम्पायलर तोच सोर्स तिसऱ्यांदा कम्पाइल करतो. आता वेग जाणवतो. ओळी सरसर सरकतात.

मग तुलना. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली बाइटशी बाइट लावून बघितल्या जातात. तर्क साधा आहे. दुसरा कम्पायलर पहिल्याने बांधला, तिसरा दुसऱ्याने. पण पहिला आणि दुसरा एकाच सोर्सचे आहेत, तेव्हा दोघांनीही तोच मजकूर वाचून तेच उत्तर लिहायला हवं. एका फाइलीत जरी फरक निघाला तरी कम्पायलर स्वतःलाच चुकीचा वाचतो आहे असा त्याचा अर्थ, आणि बांधकाम तिथे थांबतं. यात आणखी एक बारकावा आहे. एका टप्प्यात चुका शोधण्यासाठीची माहिती फाइलीत घातली जाते, दुसऱ्यात वगळली जाते, आणि तुलनेआधी ती खरवडून काढतात. म्हणजे ती माहिती मागितल्याने मूळ कोडला धक्का लागत नाही ना, याचीही परीक्षा त्यातच होते. ‘कम्पॅरिझन सक्सेसफुल’ ही ओळ इतर हजारो ओळींसारखीच येते, ठळकही नसते. मी भाच्याला ती बोट ठेवून दाखवली.

ही तुलना काय सिद्ध करत नाही, तेही सांगायला हवं. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक युक्ती मांडली. १९८४ मध्ये ते भाषण छापून आलं. कम्पायलरमध्ये अशी खोडी घालायची की लॉगिनचा प्रोग्राम कम्पाइल करताना त्यात चोरवाट ठेवली जावी, आणि कम्पायलरचाच सोर्स कम्पाइल करताना ती खोडी नव्या कम्पायलरमध्येही उतरावी. एकदा हे झालं की सोर्समधून ती पुसून टाकली तरी चालते. विरजणात शिरलेला दोष दर दिवशीच्या दह्यात उतरत राहावा, दूध रोज नवं आणि शुद्ध असलं तरी. तिन्ही टप्पे अशा वेळी एकमेकांशी तंतोतंत जुळतील. डेव्हिड व्हीलर यांनी यावर उतारा दिला: सर्वस्वी वेगळ्या घराण्यातल्या कम्पायलरने पहिला टप्पा बांधा आणि शेवटची फलितं ताडून बघा. अलीकडे तर लोक आणखी मुळाशी गेले. २०२३ मध्ये गिक्स या प्रकल्पाने अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून पायरी पायरीने जीसीसीपर्यंत पोचून दाखवलं. एवढे बाइट माणूस कागदावर लिहून डोळ्यांनी तपासू शकतो. ज्या यंत्रांवर आपले बँकेचे व्यवहार आणि जमिनीचे उतारे ठेवले जातात, त्यांच्याबद्दल ही चिकाटी दाखवणाऱ्या लोकांचं मला फार अप्रूप वाटतं.

‘मेक चेक’ ही पायरी ऐच्छिक आहे. आम्ही ती सोडली नाही. लाखाच्या पुढे छोट्या चाचण्या एकामागून एक चालतात. काही ‘अपेक्षित अपयश’ म्हणून आधीच नोंदलेल्या असतात: ही उणीव माहीत आहे, अजून सुधारलेली नाही, असं प्रांजळपणे लिहून ठेवलेलं. नावांतल्या युनिकोड अक्षरांच्या चाचण्याही त्यात आहेत. त्या पास झालेल्या पाहून भाचा खूश झाला.

बसवणं सोपं, पण जागा विचारपूर्वक निवडायची. यंत्राच्या मूळ कम्पायलरवर नवा लादायचा नाही. ‘ऑप्ट’खाली वेगळं घर द्यायचं. सी प्लस प्लसचा प्रोग्राम चालवताना जुनीच लायब्ररी पुढे आली, तर अमुक आवृत्ती सापडत नाही अशी तक्रार येते. नव्या लायब्ररीचा पत्ता प्रोग्रामला देऊन ती मिटते. मुलांचा ‘बेरीज’ एका झटक्यात कम्पाइल झाला. त्यानंतर भाच्याने कम्पायलरला स्वतःची माहिती विचारली. उत्तरात आम्ही कॉन्फिगरला दिलेली ओळ शब्दशः होती: कोणत्या डिरेक्टरीतून, कुठे बसवण्यासाठी, कोणत्या भाषांसह. प्रत्येक जीसीसी आपल्या जन्माची अशी नोंद पोटात बाळगतो.

हे काम हौसेचं वाटतं. पण त्यावर पोट चालवणारी माणसं महाराष्ट्रात होती आणि आहेत. पुण्याच्या केपीआयटीने रेनेसास या जपानी कंपनीच्या चिपसाठी जीसीसी आणि त्याची साधनं बांधून, तपासून जगभरच्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षं मोफत दिली. कोणत्याही नव्या चिपला कोणी तरी पहिला कम्पायलर बांधून द्यावाच लागतो. आमच्या पेडणे तालुक्यात तुये इथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या वसाहतीसाठी जमीन ठेवलेली आहे. तिथे काय उभं राहील याची चर्चा पेडण्यात सतत चालते, आणि ती नेहमी किती माणसं लागतील यावर थांबते. या प्रकारचं काम येणारी माणसं आपल्याकडे किती आहेत, हेही विचारायला हवं.

भाचा आता ‘मॅच डॉट पीडी’ वाचतो आहे. क्ष वजा क्ष बरोबर शून्य हा सातवीतला नियम तिथे आहे, पण अटीसह. दशांश संख्यांत क्ष अनंत असेल तर उत्तर शून्य येत नाही, म्हणून तिथे नियम सरसकट लावायला मनाई आहे. अशा अटी वाचत वाचत त्याने पूर्णांकांसाठी स्वतःचा एक छोटा नियम लिहिला. रोजच्या प्रयोगांसाठी तीन टप्पे बंद ठेवून एकदाच बांधता येतं. बदललेल्या भागापुरतं काम होतं आणि जुन्या डेस्कटॉपवरही ते परवडतं. पण असा बदल जीसीसीत घ्यावा म्हणून पाठवायचा असेल, तर त्याखाली एक ओळ लिहिण्याचा दंडक आहे: अमुक यंत्रावर तिन्ही टप्पे बांधले, सगळ्या चाचण्या चालवल्या, नवं काही मोडलं नाही. बदल सुचवणारा कोण, कुठला, कोणत्या कॉलेजचा, हे त्या ओळीत विचारलेलं नसतं.

त्याच्या नियमासकट दुसरा टप्पा काल संध्याकाळी सुरू झाला आहे.